दुपारी पडणारा स्विच

सोमवारी दुपारी दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी घरातली वीज गेली, तेव्हा मी न्हाणीघराच्या दाराची कडी कानशीने घासत होतो. उन्हाळ्यात ते दार बिजागरीतून दोन मिलिमीटर खाली उतरते आणि कडी तिच्या खाचेत शिरत नाही. दरवर्षी मी ती दोन मिलिमीटर घासतो आणि पावसाळ्यात पत्र्याची पट्टी लावून पुन्हा वाढवतो. पंखा मंदावला, कूलरचे पाणी टपटपत राहिले आणि आतल्या खोलीतून दादाची घोषणा आली.

“शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या. सामान विसरू नका.”

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय एकोणऐंशी. त्याने तीस वर्षे शहरात बस चालवली आणि बोलण्यातून ती अजून उतरलेली नाही. गेल्या हिवाळ्यात जिन्यावरून पडून त्याचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण पाय पुन्हा अंगाचे वजन पेलेनात, आणि गेले पाच महिने तो आमच्या आतल्या खोलीत अंथरुणावर आहे. सतत एका जागी पडून राहिल्याने त्याच्या माकडहाडापाशी एक जखम झाली होती. तिच्यासाठी हवेची गादी आणली होती. तिला जोडलेला लहानसा पंप दर काही मिनिटांनी एका ओळीतल्या कप्प्यांत हवा भरतो आणि दुसऱ्या ओळीतली सोडतो, त्यामुळे शरीराचा भार एकाच ठिकाणी राहत नाही. पंप थांबला की वीस मिनिटांत गादी पिचकते आणि माणूस थेट खाटेच्या फळीवर येतो.

ही गोष्ट मी एवढ्या तपशिलाने सांगतो आहे, कारण त्या आठवड्यात सारे काही या गादीवर अवलंबून होते. आदल्या दिवशी, रविवारी, जखम बांधायला येणाऱ्या सिस्टरांनी पट्टीने ती मोजली होती.

“अर्धा सेंटिमीटर वाढली आहे,” त्या म्हणाल्या होत्या. “पुढच्या रविवारी परत मोजते. आणखी वाढलेली असेल तर आजोबांना शुश्रूषागृहात हलवावं लागेल. घरी जमत नाही हे मान्य करण्यात कमीपणा नसतो, काका.”

त्या गेल्यावर दादा बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “डेपोत गेलेली गाडी परत रस्त्यावर येत नाही रे. मी पाहिलंय.”

“तू कुठेही जाणार नाहीस,” मी म्हणालो. “माझा शब्द.”

शब्द दिल्याला चोवीस तास होतात न होतात, तोच वीज गेली.

मी विजेच्या फळ्यापाशी गेलो. सगळे छोटे स्विच जागेवर होते. पडला होता तो मुख्य सुरक्षा-स्विच. हा स्विच भार जास्त झाला म्हणून पडत नाही. आत गेलेली वीज आणि बाहेर आलेली वीज यांचा हिशेब तो सारखा जुळवत असतो. मधल्या मध्ये थोडी जरी वीज कुठल्या यंत्राच्या अंगातून जमिनीत गळाली, तरी माणसाला धक्का बसू नये म्हणून तो खाली पडतो. मी तो वर केला. सात मिनिटांनी पुन्हा पडला. पुन्हा वर केला. हा खेळ सव्वाचारपर्यंत चालला, आणि मग जसा सुरू झाला तसा आपोआप थांबला.

“कुठेतरी गळती आहे,” मी हिला म्हणालो.

“मग कपडे सकाळी धुते,” ही चादरी पिळत म्हणाली. “दुपारी मशीन लावलं की तुमचा तो पडतो, असं दिसतंय.”

“असं दिसतंय, यावर चालत नाही.”

“अहो, पण नाही लावलं दुपारी, तर नाही ना पडणार?”

“प्रश्न टळणं म्हणजे प्रश्न सुटणं नव्हे.”

हिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि चादर झटकली. पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर आले. ते चुकून आले असे मी धरून चाललो.

मी तंत्रनिकेतनात तीन वर्षे शिकलो आणि अडतीस वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली. दोष शोधण्याची एक पद्धत असते. संशयितांची यादी करायची. एकेकाला वेगळे करायचे. एका वेळी एकच बदल, प्रत्येक वाचनाची नोंद, आणि पुराव्याशिवाय कोणावर आरोप नाही. घाईघाईने ज्याला हात लागेल तो भाग बदलणारे कामगार मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या हातून चोर सुटतो आणि संन्याशाला फाशी होते. मी एक वही घेतली, तीत पाच नावे लिहिली : धुलाई यंत्र, कूलर, फ्रीज, पाणी तापवायची किटली, गादीचा पंप. मंगळवारपासून रोज दुपारी अडीच ते साडेतीन एकेकाची चौकशी करायची असे ठरवले. त्या तासात बाकी सगळे बंद.

“पंखाही?” हिने विचारले.

“पंखाही.”

“आणि भाऊजींची गादी?”

“एक तासाचा प्रश्न आहे. तू बाजूला उशा लाव.”

“उशा मी लावतेच,” ही म्हणाली.

मंगळवारी उष्मा असा होता की भिंतीला हात लावला तर भिंत आजारी आहे असे वाटावे. धुलाई यंत्र एकटे चालवले. ते तासभर धडधडले, नाचत नाचत वीतभर पुढे आले, पण स्विच जागचा हलला नाही. मी नोंद केली : दोष नाही. साडेतीनला सगळे सुरू केले. तीन पस्तीसला स्विच पडला.

“सापडला का चोर?” आतून दादा.

“एक निर्दोष सुटला.”

“हे बघ, काल स्विच पडत होता तेव्हा मी सगळी मिळून वीस मिनिटं फळीवर होतो. आता तुझा तपास चालू आहे तर तासभर असतो. तपास जरा कमी कर.”

दादाला थट्टा केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. मला त्रास होत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. हिने स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ दर दोन तासांनी वाजेल असे लावले होते. त्या आठवड्यात ते दुपारी अर्ध्या अर्ध्या तासाने वाजू लागले. नेमके मी मीटरचा काटा वाचत असताना ते किंचाळे, ही हात पुसत आतल्या खोलीत जाई, आणि तिथून “हं, आता इकडे, भाऊजी... झालं, झालं” असे काहीतरी ऐकू येई. दादाला या कुशीवरून त्या कुशीवर करायची वेळ झाली, एवढा त्याचा अर्थ होता. मला तो माहीत होता. मी फक्त वाचन पुन्हा घेत असे.

बुधवारी आधी कूलर, मग फ्रीज. दोघेही निर्दोष. त्या दिवशी फ्रीजमधले दूध नासले. ते त्या तासाभरामुळे नासले की मुळात नासणारच होते, हे सिद्ध होण्यासारखे नव्हते. हिने ते न बोलता मोरीत ओतले. बोलली असती तर मी उत्तर दिले असते. शिवाय त्याच दिवशी मला फळ्याच्या खालच्या भोकातून मुंग्यांची एक रांग आत जाताना दिसली, आणि मी अर्धा तास त्या रांगेमागे घालवला. त्या कुठेही गळती करत नव्हत्या. त्या फळ्याच्या एका बाजूने आत जात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडत, आणि वाटेत एकमेकींना थांबवून काहीतरी विचारत. पत्ता विचारत असाव्यात. इतक्या गरमीत इतक्या निष्ठेने त्या नेमके काय वाहत होत्या, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर राहते आणि रोज सहाला फोन करते.

“बाबा, वायरमनला बोलवा ना.”

“मग मी कोण आहे?”

“तुम्ही बाबा आहात.” मग म्हणाली, “आईचा आवाज असा का येतोय?”

“उन्हाळा आहे. सगळ्यांचाच आवाज असा येतो.”

गुरुवारी किटली. ती एकटीच तासभर उकळत ठेवायची म्हणजे दर सहा मिनिटांनी तिच्यात नवे पाणी ओतायचे. स्वयंपाकघर वाफेने भरले. ही दारात उभी राहून पदराने वारा घेत होती.

“एवढं पाणी उकळून काय करणार आहात?”

“काही नाही.”

“मग निदान चहा तरी करा,” ही म्हणाली. चहाही मी केला नाही, कारण त्यामुळे वाचनात खंड पडला असता. किटली निर्दोष निघाली.

शुक्रवारी उरला एकच संशयित : गादीचा पंप. माझा तर्क असा होता की पाचांतले चार सुटले, म्हणजे पाचवा दोषी. कारखान्यात हा तर्क मला कधी चुकलेला आठवत नव्हता. पंप उघडून त्याच्या गुंडाळीची तपासणी करायची, म्हणून मी तो गादीपासून सोडवून फळ्याखालच्या स्टुलावर आणला. गादी पिचकली. गजर वाजला. ही आत गेली. मी पंपाचे चार स्क्रू काढून एका बशीत ओळीने ठेवले.

“ए, इकडे ये!” दादाची हाक आली. या वेळी तिच्यात बस नव्हती. “सोड तो बोर्ड आणि इकडे ये!”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

ती चार झाली. मीटरची तार निसटली होती.

मी आत गेलो तेव्हा ही खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. डोळे मिटलेले, एक हात कमरेवर. दादा अर्धवट वळलेला होता, एक खांदा वर, एक खाली, आणि त्या अवघडलेल्या स्थितीत तो हिच्या डोक्यावर वर्तमानपत्राने वारा घालत होता.

“काय झालं?”

“काही नाही. वळवताना कमरेत भरलं. जरा बसले,” ही डोळे न उघडता म्हणाली.

“पाणी आणू?”

“माझा फोन आणा.”

मी फोन आणला. हिने एक नंबर लावला आणि माझ्या समोर, माझ्याकडे न पाहता, वायरमनला दुसऱ्या दिवशी सकाळचे बोलावले. पत्ता सांगितला, मजला सांगितला, आणि शेवटी म्हणाली, “हो, घरात माहितगार आहेत. तरी या.”

दादाला सरळ करायला मी पुढे झालो. “तू नको,” तो म्हणाला. “तिला उठू दे. तिला माहीत आहे कसं करायचं.” आणि दहा मिनिटांनी ही उठली, आणि हिनेच केले. मी पाय धरले होते. पंप तपासला, तोही निर्दोष निघाला. वहीत मी ते लिहिले, पण अक्षर नेहमीसारखे आले नाही.

वायरमन शनिवारी सव्वानऊला आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कानामागे पेन्सिल. मी त्याला वही दाखवली. त्याने ती उभ्या उभ्या, पण आदराने वाचली.

“काका, काम एक नंबर केलंय. असं कुणी करत नाही आता.” मग खिशातून गळती मोजायचा एक चिमटा-मीटर काढला. “आता एक करा. घरात जे जे आहे ते सगळं एकदम चालू करा.”

“एकदम?”

“एकदम. मशीन, कूलर, किटली, सगळं.”

मला ते पटले नाही. पण हिने तोवर किटलीचे बटण दाबलेही होते. घर एखाद्या कारखान्यासारखे गुणगुणू लागले. वायरमनने तो चिमटा मुख्य तारांभोवती धरला आणि आकडे वाचू लागला. “अठरा... तेवीस... मशीनचं पाणी फिरायला लागलं, सव्वीस... फ्रीज सुरू झाला... आता बघा हं...” आणि त्याच्या ‘हं’बरोबर स्विच पडला.

“यात कोणी खराब नाही, काका. जरा जरा सगळेच गळतात. जुनं सामान, गरमी, कूलरचं पाणी. कुणाचे पाच, कुणाचे आठ. एकट्या एकट्याला विचारलंत तर सगळे खरंच सांगणार, की मी नाही. तीस मिलिअँपिअरवर बेरीज गेली की हा पडतो. थेंबे थेंबे तळे.”

“दुपारीच का?”

“दुपारी सगळे एकदम कामाला असतात म्हणून.”

तारेवरच्या भाराची बेरीज करायला मला पहिल्याच वर्षी शिकवले होते, आणि ती मी आयुष्यभर केली. गळतीची बेरीज मी केली नव्हती. माझ्या शिक्षणात गळती म्हणजे दोष होता, आणि दोष नेहमी कोणातरी एकाचा असे. वायरमनने दुसरा सुरक्षा-स्विच बसवून घराचे दोन भाग केले. कूलर आणि धुलाई यंत्र एकीकडे, फ्रीज, किटली, पंप दुसरीकडे. काम दोन तासांत आटोपले. जाताना तो हिला म्हणाला, “काकू, काकांना रागावू नका हं. हुशार माणसाला वेळ लागतो.”

“तीस वर्षं बस चालवली,” आतून दादा म्हणाला, “पण असा सभ्य टोमणा एकदाही ऐकला नाही.”

त्या दुपारी दोन बेचाळीस आले आणि गेले. कूलर चालू होता, चादरी यंत्रात फिरत होत्या, गादी मुकाट्याने श्वास घेत होती. हा आठवडाभराच्या धडपडीचा शेवट होता आणि मला आनंद व्हायला हवा होता. मी हिला ते सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ही टेबलाशी बसून झोपली होती. हातात चिरायची काकडी होती, सुरी अर्ध्यात थांबलेली. सुरी मी हळूच काढून घेतली. काकडी हिने सोडली नाही.

रविवारी सकाळी दहाला सिस्टर आल्या. दादाने त्या दिवशी दाढी करवून घेतली होती. ही खाटेच्या उशाशी उभी राहिली, मी पायाशी. सिस्टरांनी जुनी पट्टी काढली, मोजपट्टी लावली, मग चष्मा नीट करून पुन्हा लावली.

“चार मिलिमीटर कमी झाली आहे,” त्या म्हणाल्या.

“कमी?” मी विचारले.

“कमी. कडा पण छान गुलाबी आल्या आहेत. पण तुम्ही तर फोनवर म्हणालात की गादी रोज बंद पडत होती?”

“रोज दुपारी. दीड-दोन तास.”

“मग त्या वेळात कोण वळवत होतं यांना?”

“मी,” ही म्हणाली. “दर अर्ध्या तासाने.”

“एकट्या?”

ही कापसाचे बोळे गोळा करायला वाकली. अर्ध्यावर थांबली आणि खाटेचा दांडा धरून पुन्हा सरळ झाली. सिस्टर हिच्याकडे पाहत होत्या. मीही पाहत होतो.

“ऐकलंस ना?” दादा खुशीत होता. “गाडी डेपोत जात नाही. अजून दोनचार फेऱ्या आहेत.”

“घरीच राहू द्या,” सिस्टर हातमोजे काढत म्हणाल्या. “हे असंच चालू ठेवलंत तर महिन्या-दीड महिन्यात जखम भरेल. अगदी असंच.”

ही हसली. हिच्याबरोबर पंचेचाळीस वर्षे काढल्यामुळे मला हिची हसणी ठाऊक आहेत. हे हसू त्यांतले नव्हते. तासभर रांगेत उभे राहून खिडकीशी पोहोचावे आणि खिडकी जेवणासाठी बंद व्हावी, तेव्हा माणूस खिडकीतल्याला बरे वाटावे म्हणून जसे हसतो, तसे ते होते.

मी मनात हिशेब केला, सवयीने होतो. दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री दर तीन तासांनी, म्हणजे दिवसरात्र मिळून दहा वेळा. पाच महिने. दीड हजार वेळा. त्यांत या आठवड्याच्या दुपारी वेगळ्या. त्याशिवाय चादरी, अंघोळ, औषधे, जेवण, माझी वही. यातले एकेक हिला विचारले असते तर ही म्हणाली असती, त्यात काय एवढे. आणि ते खरे असते. दीड हजारांतल्या माझ्या वाट्याच्या वेळा मी मोजू लागलो, तेव्हा एका हाताची बोटेही पुरून उरली; त्याही वेळी मी फक्त पाय धरले होते.

“सिस्टर,” मी म्हणालो, “शुश्रूषागृहात पंधरा दिवसांपुरती जागा मिळेल का?”

ही म्हणाली, “अहो, काय बोलताय? जखम बरी होतेय म्हणाल्या ना त्या?”

“जखम बरी होतेय,” मी म्हणालो. “तू नाही.”

“मी काही तक्रार केली का?”

“नाही केलीस. म्हणूनच मला कळलं नाही.”

ही काहीतरी म्हणणार होती. पण ही बोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर गेली. पाण्याचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही.

दादाचा चेहरा उतरला होता. दाढी केल्यामुळे ते लपण्यासारखे नव्हते.

“सहा दिवस तू चोर शोधत होतास,” तो सावकाश म्हणाला. “आणि शेवटी पकडलास मला.”

“दादा, चोर कोणीच नाही.”

“शब्द दिला होतास.”

“हो. शब्द मी दिला आणि पाळायला तिला लावला.”

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. सिस्टरांनी बाहेर जाऊन दोन फोन केले. सोमवारी सकाळी अकराला गाडी येईल, खिडकीजवळची खाट मिळेल, रोज दुपारी भेटता येईल, असे त्या परत येऊन म्हणाल्या. दादाने मान वळवली नाही. दुपारचे जेवण त्याने परत पाठवले. चहा घेतला, पण हिच्या हातून. लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “आईला द्या.” दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

फोन ठेवून ही उठायला लागली. वळवायची वेळ झाली होती.

“तू पडून राहा,” मी म्हणालो. “मी करतो.”

“तुम्हाला येतं?”

“त्यात काय एवढं?” मी म्हणालो, आणि ही माझ्याकडे अशी पाहू लागली की मी घाईने आत गेलो.

दादा भिंतीकडे तोंड करून कुशीवर होता. मी त्याच्या वरच्या खांद्याला धरले आणि माझ्याकडे ओढले. तो हलला नाही. मी दोन्ही हातांनी ओढले.

“आई गं! खांदा उपटतोस का?” सकाळपासूनचे त्याचे हे पहिले वाक्य. “ओढायचं नसतं. आधी पाठीमागची उशी काढ.”

मी उशी काढली.

“आता मला हळूच पाठीवर येऊ दे. हं. आता पलीकडचा गुडघा दुमड. तो नाही, पलीकडचा. हात छातीवर घे. आता एक तळवा पलीकडच्या खुब्याखाली, एक खांद्याखाली, आणि दोन्ही एकदम तुझ्याकडे लोट. एकदम म्हणजे एकदम, एकामागून एक नाही.”

मी लोटले. तो अर्धा वळला आणि परत आला. दुसऱ्यांदा लोटले. तिसऱ्या वेळी तो कुशीवर गेला, आणि मी खाटेचा दांडा धरून उभा राहिलो. डोळ्यांत घाम उतरला होता. एवढ्याशा देहाला एवढे वजन असते, याची मला कल्पना नव्हती.

“ती एवढ्या धापा टाकत नाही,” दादा म्हणाला.

“ती टाकते. तुला ऐकू देत नाही.”

मी पाठीशी उशी लावली.

“आणखी आत.”

आणखी आत लावली.

“पंधरा दिवस म्हणालास,” तो थोड्या वेळाने म्हणाला. आता तो माझ्याकडे तोंड करून होता, पण पाहत होता माझ्या सदऱ्याच्या बटणाकडे.

“पंधरा. मी रोज येईन, आणि तिथल्या लोकांकडून हे शिकेन. परत आलास की दिवसाच्या पाळ्या माझ्या.”

“तुला जमेल असं वाटत नाही.”

“मलाही नाही वाटत.”

आठ वाजता मी पुन्हा गेलो. या वेळी दोन प्रयत्नांत जमले. पण पांघरूण सरळ करताना दिसले की त्याचे गुडघे एकमेकांवर टेकून राहिले होते आणि आतल्या बाजूला दोन लाल वळ उठले होते. खाटेच्या पायथ्याशी एक लहान उशी होती. ती कशासाठी असते हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

“ही मध्ये ठेवायची असते का? मग मघाशी सांगितलं का नाहीस?”

“विचारलं नाहीस,” दादा म्हणाला.

मी ती उशी त्याच्या गुडघ्यांमध्ये सरकवली. “आणखी काय राहिलं?”

“टाच. टाच गादीला टेकू द्यायची नाही.”

मी त्याचा पाय हातात उचलून धरला आणि टाचेखाली काय ठेवायचे ते त्याला विचारले.